नेमबाजीची विद्या आणि शिंप्याचा मुलगा

गेल्या वर्षीच्या ज्ञातिमेळाव्यात भोजनोत्तर गप्पांच्या वेळी एक लहानसा प्रसंग घडला. महाविद्यालयात शिकणाऱ्या व छात्रसेनेत दाखल झालेल्या आपल्या एका मुलीने, चांदमारीत आपला नेम बरा लागतो आणि हा विषय पुढे शिकावा असे मनात आहे, ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यावर मंडळींतील एक वयोवृद्ध काका सहज बोलून गेले, "अगं पोरी, आपल्या हातात सुई शोभते. बंदूक ज्यांच्या रक्तात आहे त्यांनी ती धरावी." बोलणे मायेचे होते, त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. परंतु मुलगी गप्प झाली. तिला उत्तर सुचले नाही आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हांसही ते सुचले नाही. घरी परतल्यावर आम्ही या विद्येचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा जे हाती आले ते या स्मरणिकेच्या द्वारे ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभ आपल्या हिंगोलीपासूनच करू. नामदेव महाराजांच्या नरसीपासून जवळ असलेले, कयाधूच्या काठचे हे गाव आज आपण जिल्ह्याचे ठिकाण म्हणून ओळखतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन ते तसे झाले. परंतु त्यापूर्वी फार वर्षे हिंगोलीची ओळख छावणीचे गाव अशी होती. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेली 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. त्या फौजेचे एक ठाणे १८१९ च्या सुमारास हिंगोलीस पडले आणि १९०३ मध्ये ते उठले. गावातील 'रिसाला बाजार' हे नाव त्या काळाची आठवण अद्याप जपून आहे. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली. तिच्या पायदळ पलटणींतून पुढे एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली आणि १९४५ साली तिलाच कुमाऊं रेजिमेंट हे नाव मिळाले. आज हिमालयाच्या कुशीतील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रेजिमेंटचे मूळ शोधीत गेल्यास वाट आपल्या दख्खनच्या छावण्यांपर्यंत येते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

छावणी आली की तिच्या मागोमाग बाजार येतो आणि बाजारात शिंपी येतोच. गणवेश बेतणे, तंबू व खोगिरे शिवणे, दुरुस्त्या करणे, ही कामे त्या काळी प्रत्येक छावणीत दर्जींच्या हाताखालून जात. म्हणजे शिपायाच्या छातीचे माप आपल्या लोकांपाशी होते. त्याच्या खांद्यावरील बंदुकीशी मात्र आपला काही संबंध नाही, अशी समजूत झाली. ही समजूत इतिहासाला धरून आहे काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

दूरचा नेम साधण्याची विद्या शास्त्राच्या पायावर कोणी उभी केली, असे विचारल्यास जगातील जाणते लोक एक नाव प्रथम घेतात. ते म्हणजे बेंजामिन रॉबिन्स. हे गृहस्थ कोणा सेनापतीचे वा सरदाराचे पुत्र नव्हते. इंग्लंडातील बाथ या गावी १७०७ साली एका गरीब क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. क्वेकर हा शस्त्र व युद्ध निषिद्ध मानणारा पंथ होय. आणि वाचकहो, रॉबिन्स यांचे वडील व्यवसायाने शिंपी होते. हे वाचून आम्ही थबकलो, तसे आपणही थबकाल.

घरी संपत्ती नव्हती, गणिताची ओढ मात्र होती. लंडनला जाऊन शिकवण्या करीत त्यांनी विद्या वाढविली आणि अवघ्या विसाव्या वर्षी, १७२७ मध्ये, ते तेथील रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १७४२ साली त्यांचा तोफा-बंदुकांच्या नव्या तत्त्वांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी या विषयावर कोणी लिहिलेच नव्हते असे नव्हे. इटलीतील तार्ताग्लिया या गणितशिक्षकाने १५३७ मध्ये, आणि गॅलिलिओने १६३८ मध्ये, फेकलेल्या वस्तूच्या मार्गाचा विचार मांडला होता. तथापि गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिचा वेग किती असतो, हे मोजून दाखविण्याचे साधन रॉबिन्स यांच्या आधी कोणापाशी नव्हते.

ते साधन इतके साधे होते की त्याची रचना सांगण्याचा मोह आवरत नाही. एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगावा आणि त्यावर गोळी झाडावी. गोळी ठोकळ्यात रुतते व ठोकळा मागे झुलतो. गोळीचे वजन, लंबकाचे वजन व झोक्याची लांबी ही ठाऊक असली म्हणजे गणिताने गोळीचा वेग निघतो. आता झोका मोजावा कसा? रॉबिन्स यांनी लंबकाच्या तळाशी एक अरुंद फीत बांधली. झोका जाईल तितकी फीत ओढली जाई आणि मग ती मोजून घ्यावी. शिंप्याच्या मुलाने बंदुकीच्या गोळीचा वेग फितीने मोजला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या मोजणीतून जे निष्पन्न झाले त्याने जुन्या समजुती ढासळल्या. हवेचा विरोध तो केवढा, असे मानून तोवरचे बहुतेक लोक त्याकडे दुर्लक्ष करीत. रॉबिन्स यांनी दाखविले की चोवीस पौंडी तोफगोळा निर्वात अवकाशात सुमारे १६ मैल गेला असता, तो प्रत्यक्षात ३ मैलही जात नाही. बाकीचे सारे अंतर हवा गिळून टाकते. त्यांच्या ग्रंथाचे महत्त्व ओळखून ऑयलर या जगद्विख्यात गणितज्ञाने १७४५ मध्ये स्वतःच्या भाष्यासह त्याचे जर्मन भाषांतर केले. १७४६ मध्ये रॉयल सोसायटीने रॉबिन्स यांस आपले मानाचे कॉप्ली पदक दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक विचार मांडला. नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व सरळ जाते. ज्या राष्ट्राची सेना हे प्रथम आत्मसात करील ते इतरांना वरचढ ठरेल, असे भाकीत त्यांनी केले. शंभर वर्षांनी ते खरे ठरले.

या पुरुषाचा शेवट आपल्याच देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी त्यांस हिंदुस्थानात धाडले आणि २९ जुलै १७५१ रोजी तमिळ मुलखातील कडलूरनजीकच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे ते वारले. त्या वेळी पुण्यास नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता. पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारकी पानसे घराण्याकडे पिढीजात चालत असे. त्या घराण्याचे शौर्य निर्विवाद आहे आणि त्यास कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एकीकडे विद्या वंशात राहत होती, तर दुसरीकडे ती छापील ग्रंथात उतरून कोणाही वाचणाऱ्याची होत होती. हा फरक आपल्या राष्ट्रास पुढे किती महाग पडला, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

आता या विद्येची तत्त्वे कोणती, ती आपल्या परिचयाच्या भाषेत पाहू. पहिले तत्त्व पतनाचे. नळीतून सुटलेली गोळी पहिल्या क्षणापासून खाली पडू लागते. हातातून निसटलेली कात्री ज्या नियमाने पडते त्याच नियमाने तीही पडते. एका सेकंदात कोणतीही वस्तू, हवेचा अडथळा नसेल तर, ४.९ मीटर खाली येते. सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेली रायफलची गोळी ३०० मीटरांवर पोहोचेतो साधारण ८५ सेंटिमीटर घसरते, तर ६०० मीटरांवर सुमारे साडेचार मीटर. अंतर दुप्पट झाले आणि घसरण मात्र पाचपट. म्हणून दूरच्या नेमात अंतराचा अंदाज चुकला की सारे चुकते आणि म्हणूनच जाणकार शिक्षक अंतर ओळखण्याचा पाठ आधी देतात.

दुसरे तत्त्व वाऱ्याचे. गोळी जितका वेळ हवेत असते तितका वेळ वारा तिला आपल्या वेगाने वाहून नेतो, असे सामान्यतः वाटते. ते खरे नव्हे. निर्वातात ६०० मीटर जाण्यास त्या गोळीस पाऊण सेकंद लागला असता, परंतु हवेच्या विरोधामुळे सुमारे एक सेकंद लागतो. वाऱ्याचा परिणाम या पाव सेकंदाच्या विलंबापुरताच होतो. आडवा वारा सेकंदाला ४ मीटर वेगाचा असेल, तर ४ गुणिले पाव, म्हणजे गोळी एक मीटर सरकते. हे गणित आठवीतील मूल करू शकेल, पण कोणीतरी ते त्यास सांगावयास हवे. वारा ओळखावयाचा कसा? आपल्या काळ्या रानात वैशाखाच्या दुपारी जे मृगजळ हलताना दिसते, तेच नेमबाजाचे पुस्तक. ते ज्या बाजूस वाहते त्या बाजूस वारा वाहतो. ते जागच्या जागी उकळल्यासारखे वर चढत असेल, तर वारा पडलेला आहे किंवा तो नेमाच्या रेषेतूनच येत आहे. उन्हाचा आणखी एक गुण आहे. ४० अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. तिचा विरोध कमी होतो आणि दूरवर गोळी किंचित वर लागते. हिवाळ्यात बसविलेला नेम उन्हाळ्यात जसाच्या तसा का चालत नाही, याचे कारण हे आहे.

तिसरे तत्त्व मापाचे आणि ते तर आपल्या घरचेच. नळीच्या टोकाशी नेम धरण्याची माशी असते व मागे खाच असते. समजा, या दोहोंत ३० इंचांचे अंतर आहे आणि लक्ष्य १००० यार्डांवर, म्हणजे ३६,००० इंचांवर आहे. तेव्हा माशी खाचेत धरताना जी चूक होईल ती लक्ष्यावर बाराशे पटींनी वाढेल. एका इंचाचा शंभरावा भाग इतकी चूक झाल्यास गोळी १२ इंच दूर जाईल. इंचाचा शंभरावा भाग म्हणजे केवढा, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. आपल्या शिवणयंत्रातील साध्या दोऱ्याची जाडी साधारण तेवढीच असते. दोऱ्याएवढ्या चुकीची तिकडे हातभर किंमत द्यावी लागते.

या तत्त्वांचे रीतसर शिक्षण देणारी शाळा इंग्रजांनी १८५३ मध्ये हाइद या गावी काढली. तेथे शिपायास प्रथम काडतूस देत नसत. आधी तत्त्वांचे पाठ, मग वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून नेम धरण्याचा सराव, मग अंतर ओळखणे, आणि नंतर प्रत्यक्ष गोळी, असा क्रम होता. आधी बेत आणि मग कात्री, ही आपलीच रीत. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भरवसा शंभर यार्डांच्या आसपास संपे, तर नव्या एनफील्ड रायफलीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. ही रायफल शिकविण्यासाठी हिंदुस्थानात डमडम, अंबाला व सियालकोट येथे केंद्रे निघाली. तिच्याच काडतुसांवरून १८५७ चा वणवा पेटला, हे सर्वश्रुत आहे.

त्यानंतर जे घडले ते मात्र सर्वश्रुत नाही. बंडानंतर सरकारने हिंदी पलटणींसाठी १८५८ मध्ये एनफील्डचा एक खास नमुना काढला. बाहेरून बंदूक तीच, पण नळीतील पेचदार खाचा काढून टाकलेल्या आणि दूरच्या अंतराच्या खुणा गाळलेल्या. हिंदी शिपायाने बंदूक वागवावी, परंतु तिचा दूरचा नेम मात्र त्यास साधता येऊ नये, असा हा बेत होता. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसास परवान्याची अट लागली आणि गोऱ्यांस तीतून सूट मिळाली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत 'लढवय्या जाती' नावाचा सिद्धांत बळावला. काही जातींच्या रक्तात शस्त्र आहे व बाकीच्यांच्या नाही, असे ठरवून १८९२ च्या सुमारास पिढ्यान्पिढ्या निष्ठेने लढलेल्या महार शिपायांची भरती बंद केली गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी व पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, महार रेजिमेंट उभारावी लागली, तेव्हा त्या सिद्धांताचा फोलपणा सरकारनेच जणू कबूल केला.

यातील विपर्यास पाहा. हेच लॉर्ड रॉबर्ट्स स्वदेशी परतल्यावर, दक्षिण आफ्रिकेतील बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमाने इंग्रज सेनेची जी त्रेधा उडाली ती पाहून, इंग्लंडातील कारकून, दुकानदार व कामगार यांनी नेमबाजी शिकावी म्हणून झटू लागले. १९०१ पासून तेथे लहान रायफलींचे क्लब निघाले, त्यांस या गृहस्थांनी आपले नाव व पाठबळ दिले. म्हणजे इंग्लंडातील दुकानदारास जे शिकून येते, ते हिंदुस्थानात मात्र रक्तात असावे लागते! मेळाव्यात आपल्या काकांच्या तोंडून जे वाक्य निघाले, ते आपल्या पूर्वजांचे नव्हे. परक्यांनी आपल्या सोयीसाठी रचलेला हा सिद्धांत आपल्या घरात शिरून बसला आहे.

स्वातंत्र्यानंतर ही दारे उघडली. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि महाविद्यालयातील कोणत्याही जातीच्या मुलामुलींच्या हाती रायफल आली. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी गृहस्थ होते. लोकसभेचे हे पहिले सभापती व्यवसायाने वकील आणि वृत्तीने गांधीवादी होते. अशा पुरुषाने नेमबाजीस हातभार लावावा, यातच ही विद्या हिंसेहून वेगळी आहे, ती संयमाची व एकाग्रतेची साधना आहे, हे दिसून येते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नवोदितांस राष्ट्रीय पातळीवर जाण्याची पायरी ठरली आहे.

या पायऱ्या चढून महाराष्ट्राची मुले कोठवर गेली? कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडी या खेड्यातले, शिक्षकाचे चिरंजीव स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. ५० मीटर हे अंतर हजार यार्डांपुढे अल्प वाटेल, परंतु माप, श्वास आणि नोंद यांची शिस्त तीच. आपल्या हिंगोलीतही राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. त्या व अन्य दलांच्या भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी आपली मुले पहाटे रस्त्यावर दिसतात. पळण्याबरोबर त्यांनी हे चार पाठही घोकावेत, असे आम्हांस वाटते.

त्यास खर्च लागत नाही. रायफल व चांदमारी ही कायद्याच्या चौकटीत, १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार व अधिकृत शिक्षकाच्या देखरेखीखालीच असावीत, हे उघड आहे. परंतु अभ्यासाला परवाना लागत नाही. रस्त्याने चालताना समोरचे झाड किती मीटरांवर असेल याचा अंदाज करावा, मग पावले मोजून पडताळा पाहावा. वाऱ्याची दिशा गवतावरून, धुरावरून, मृगजळावरून ओळखावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वही ठेवावी. प्रत्येक चांगला नेमबाज तारीख, अंतर, ऊन, वारा, खुणेचा आकडा आणि गोळी कोठे लागली याची नोंद करतो. चुकलेल्या गोळीची नोंद तर तो अधिक काळजीने करतो. आपल्या दुकानांत आजोबांच्या हातच्या मापांच्या वह्या असतील. गिऱ्हाईकाचा एक खांदा दुसऱ्याहून अर्धा इंच उतरता आहे, हेसुद्धा त्यांत लिहिलेले सापडेल. त्या वहीची आणि नेमबाजाच्या वहीची जात एकच आहे.

आमच्या वयोवृद्ध काकांविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे आणि हा लेख आम्ही छापण्यापूर्वी त्यांस वाचून दाखविला. रॉबिन्स यांच्या फितीची हकीकत त्यांनी दोनदा वाचावयास लावली. मग म्हणाले, "त्या पोरीला माझ्याकडे पाठव. दोऱ्याएवढी चूक डोळ्यांनी कशी धरायची, ते मी दाखवतो." मुलगी येत्या दिवाळीच्या सुटीत त्यांच्याकडे जाणार आहे. ज्या कोणा घरी अशी मुले असतील, त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही त्यांस असेच जवळ बोलवावे, एवढी नम्र विनंती करून आम्ही ज्ञातिबांधवांची रजा घेतो.